हेन्ली रॉयल रिगाटा : परदेशातून जाणाऱ्या संघाच्या दृष्टीने एक परीक्षण

इंग्लंडमधील हेन्ली गावी थेम्स नदीवर भरणाऱ्या हेन्ली रॉयल रिगाटाविषयी, म्हणजे वल्हवण्याच्या शर्यतींच्या या मेळ्याविषयी, जे थोडेफार वाचायला मिळते ते बहुधा प्रेक्षकांच्या बाजूने लिहिलेले असते. त्यात ब्लेझर, टोप्या आणि नदीकाठची मेजवानी यांचेच वर्णन अधिक असते. प्रस्तुत परीक्षणाचा हेतू वेगळा आहे. पुण्यातील एखादा क्लब चार नौकापटू आणि एक कॉक्स, म्हणजे सुकाणू सांभाळून सूचना देणारा, घेऊन, बव्हंशी पदरमोड करून, थेम्स नदीवर शर्यतीला जातो तेव्हा त्याला या रिगाटाकडून नेमके काय मिळते, काय मिळत नाही, आणि जे मिळत नाही ते कुठून मिळवावे लागते, हे व्यवस्थापक या नात्याने संघासोबत गेल्यामुळे मला जवळून पाहता आले. आमची प्रवेशिका ब्रिटानिया चॅलेंज कपसाठी, म्हणजे क्लबांच्या कॉक्ससह चौघांच्या शर्यतीसाठी होती. पात्रता फेरी आम्हाला पार करता आली नाही. तरीही या रिगाटाची शिफारस मी मनापासून करतो, मात्र काही अटी घालून; आणि त्या अटींपैकी सर्वांत मोठी अट भाड्याच्या बोटीची आहे.

प्रथम शर्यतीच्या मार्गाविषयी, कारण तेथूनच सगळा फरक सुरू होतो. जागतिक स्पर्धांमध्ये २००० मीटरचे, सहा मार्गिकांचे, शक्यतो स्थिर पाणी असते. हेन्लीचा मार्ग १ मैल ५५० यार्ड, म्हणजे २११२ मीटर लांबीचा असून शर्यत प्रवाहाच्या विरुद्ध दिशेने वल्हवायची असते. टेंपल बेटाच्या खालच्या अंगाला, जेथे १७७१मध्ये बांधलेला तो देखणा पांढरा मंडप आहे, तेथून सुरुवात होते, आणि एका वेळी दोनच बोटी सुटतात. एक बर्कशायर परगण्याच्या काठाने जाते, दुसरी पलीकडच्या बकिंगहॅमशायरच्या. हरलेला संघ त्याच क्षणी स्पर्धेबाहेर जातो. जागतिक स्पर्धांत पहिल्या फेरीत मागे पडलेल्यांना रेपेशाज नावाच्या पुरवणी फेरीतून जी दुसरी संधी मिळत आली आहे, तिला येथे जागा नाही. दोन्ही बाजूंना लाकडी ओंडक्यांचे कुंपण पाण्यावर तरंगत असते आणि त्याच्यापलीकडे, हाताच्या अंतरावर म्हणावे इतक्या जवळ, प्रेक्षकांच्या होड्या उभ्या असतात. मुळा नदीच्या पात्रात जलपर्णी चुकवत सराव केलेल्या मुलांना अरुंद पाण्याची सवय असते, पण दोन्ही काठांवरून सतत ओरडणाऱ्या माणसांची नसते. कॉक्सचा आवाज मागच्या नौकापटूपर्यंत पोहोचण्यासाठी बोटीतील ध्वनिवर्धक चोख असावा लागतो, ही बारीक गोष्ट तेथे गेल्यावरच ध्यानात येते.

आयोजकांच्या व्यवस्थेला मी पूर्ण गुण देईन. बर्कशायरच्या काठावर बोटींसाठी जे लांबलचक तंबू उभारलेले असतात, त्यांत प्रत्येक संघाला ठरलेली जागा मिळते, आणि आमच्यासारख्या अनोळखी क्लबची बोट ज्या घोडीवर ठेवली जाते, तिच्याच शेजारच्या घोडीवर एखाद्या नामांकित विद्यापीठाची बोट असते. पाण्यात उतरण्याचे तराफे, सरावाच्या वेळा, वर जाणाऱ्या आणि खाली येणाऱ्या बोटींनी कोणत्या बाजूने जायचे याचे नियम, हे सारे छापील सूचनांत स्पष्ट दिलेले असते आणि ते पाळले जाते की नाही याकडे काटेकोर लक्ष असते. नियम मोडल्यास समज मिळते, पण ती समज देताना आवाज चढत नाही. उतरण्यापूर्वी बोटीच्या टोकाचा रबरी चेंडू घट्ट बसला आहे का, आणि बुटांच्या टाचांना बांधलेल्या दोऱ्या इतक्या आखूड आहेत का, की बोट उलटल्यास पाय आपोआप सुटावा, याची तपासणी होते. आपल्याकडील कित्येक स्पर्धांत ही तपासणी कागदावरच उरकली जाते. तेथे मात्र तपासनीसाने खाली वाकून प्रत्येक बुटाची टाच स्वतः उचलून पाहिली, आणि आमच्या दोन दोऱ्या नव्याने बांधायला लावल्या. सुरक्षेची इतकी आस्था दिसली की पालकांनी मुलांना निर्धास्तपणे पाठवावे असे वाटते.

आता बोटीचा विषय. कॉक्ससह चौघांची बोट सुमारे १३ मीटर लांब असते, नियमाप्रमाणे तिचे किमान वजन ५१ किलो असते, आणि ती विमानाने नेणे कोणत्याही क्लबला परवडणारे नाही. त्यामुळे बहुतेक दूरदेशीचे संघ इंग्लंडमध्येच बोट भाड्याने घेतात. रिगाटा आपल्याला बोट देत नाही; तो व्यवहार आपण आणि भाड्याने देणारा व्यावसायिक यांच्यातला असतो. ज्यांनी फक्त क्लबची जुनी, ओळखीची बोट वल्हवली आहे त्यांना बोट म्हणजे बोट असेच वाटते. वस्तुस्थिती अशी आहे की प्रत्येक शर्यतीची बोट ठराविक वजनाच्या नौकापटूंसाठी घडवलेली असते. आमच्या चौघांचे सरासरी वजन ७० किलोच्या आसपास होते, आणि हे आम्ही पत्रव्यवहारात दोनदा कळवले होते. प्रत्यक्षात जी बोट मिळाली तिच्या अंगावरील पट्टीवर ८५ ते ९५ किलो असे लिहिलेले होते.

याचा परिणाम काय होतो ते सविस्तर सांगितले पाहिजे, कारण पुढे जाणाऱ्या संघांना यातच सर्वाधिक फटका बसण्याची शक्यता आहे. जड माणसांसाठी घडवलेल्या बोटीत हलकी माणसे बसली की बोट पाण्यात पुरेशी बुडत नाही, वर उचललेली राहते. मग रोलॉक, म्हणजे वल्हे ज्यांत अडकवतात त्या खाचा, पाण्यापासून नेहमीपेक्षा उंच येतात, वल्ह्याचे पाते पाण्यात नेण्यासाठी हात प्रमाणाबाहेर वर न्यावे लागतात, बाजूच्या वाऱ्याला बोटीचे अंग जास्त सापडते आणि तोल सांभाळण्यातच निम्मी ताकद खर्ची पडते. पहिल्या सरावाहून परतल्यावर आमचा स्ट्रोक, म्हणजे बाकीच्यांना लय देणारा नौकापटू, प्रशिक्षकांना एवढेच म्हणाला, "सर, पाय बुटात फिरतोय." बोटीतील बूट ४६ क्रमांकाचे होते, आणि आमच्यातल्या सर्वांत उंच मुलाचा क्रमांक ४२. टाच बुटात सरकली की पायाने दिलेला रेटा बोटीला पूर्ण लागत नाही, आणि नौकानयनात सारा जोर पायांतूनच यायचा असतो.

प्रशिक्षकांनी १० क्रमांकाचा पाना, मोजपट्टी आणि कोन मोजण्याचे उपकरण पुण्याहून बरोबर आणले होते, म्हणून निभावले. रोलॉकच्या खिळीवर वरखाली बसवता येणाऱ्या प्लास्टिकच्या चकत्या असतात. रोलॉकखालच्या चकत्या काढून वर लावल्या की रोलॉक तेवढाच खाली येतो. प्रत्येक जागेवर हे करावे लागले, त्यानंतर पात्याचा कल पुन्हा चार अंशांवर आणावा लागला, कारण उंची बदलली की कल तपासल्यावाचून चालत नाही. बुटांचा प्रश्न शेजारच्या तंबूत आलेल्या एका बोटबांधणी कंपनीच्या कारागिराने सोडवला. त्याने आपल्या पेटाऱ्यातून लहान क्रमांकाचे बूट काढून, आम्ही त्याच्या कंपनीचे गिऱ्हाईक नसतानाही, पावसात उभे राहून बसवून दिले. भाड्याने देणाऱ्या व्यावसायिकाने मात्र तक्रारीला उत्तर द्यायला इतका वेळ लावला की तोवर बोट बदलणे शक्यच राहिले नाही. बोटीची डागडुजी चांगली होती, सुकाणूची तार नवी होती, आणि वल्ही उत्तम, मूठ सरकवून लांबी कमीजास्त करता येणारी होती, हेही नमूद केले पाहिजे; तथापि ज्या एका गोष्टीसाठी आम्ही आगाऊ लिहिले होते तीच त्याने पाहिली नाही, आणि या सेवेत तीच एक गोष्ट महत्त्वाची होती.

निवास आणि भोजन याविषयी थोडक्यात. रिगाटाच्या आठवड्यात हेन्ली गावात खोली मिळणे दुरापास्त असते आणि मिळाली तर दर ऐकूनच माघार घ्यावी लागते. गावातील व आसपासची कुटुंबे खेळाडूंना आपल्या घरी ठेवून घेतात, ही तेथील जुनी आणि खरोखर कौतुकास्पद रीत आहे. आमच्या मुलांना अशाच एका घरी आसरा मिळाला आणि यजमानीणबाईंनी स्वयंपाकघर मोकळे करून दिल्यामुळे वरणभाताची सोय झाली. शर्यतीच्या दिवसांत ओळखीचे अन्न पोटात जाणे याला मी सरावाइतकेच महत्त्व देतो. ज्यांना असे घर मिळणार नाही त्यांनी रेडिंग शहरात राहावे. तेथून किंवा लंडनच्या पॅडिंग्टन स्थानकाहून येणाऱ्या गाडीने ट्वायफर्डला उतरून हेन्लीची छोटी फाट्याची गाडी घेता येते. त्या आठवड्यात ती खचाखच भरते, त्यामुळे सकाळच्या शर्यतीच्या दिवशी तिच्यावर विसंबून राहू नये.

पात्रता फेरी मुख्य शर्यतींच्या आधीच्या शुक्रवारी होते. ज्या स्पर्धांसाठी जागांपेक्षा प्रवेशिका जास्त येतात, त्यांतील ज्या संघांची कामगिरी समितीला आधीपासून पुरेशी भक्कम वाटत नाही, त्यांना घड्याळाविरुद्ध एकेकटे वल्हवून आपली जागा मिळवावी लागते. आमच्यासारख्या संघाने हे गृहीत धरूनच निघावे. समितीकडे मुंबई-पुण्याच्या निकालांची तुलना करण्याचे साधन नसते, आणि त्यात त्यांचा दोष आहे असे मला वाटत नाही. परंतु याचा हिशेब नीट मांडला पाहिजे. व्हिसा, विमान, बोट, निवास असा सगळा खर्च करून, सात हजारांहून अधिक किलोमीटर प्रवास करून, संघाला शर्यतीच्या वेगाने वल्हवण्याची हमी मिळते ती जेमतेम सात-आठ मिनिटांची. एवढ्यासाठीच जायचे असेल तर जाऊ नये, असे मी स्पष्टपणे सांगेन.

आमचा दौरा फुकट गेला नाही याचे श्रेय प्रशिक्षकांच्या आखणीला आहे. त्यांनी हेन्लीच्या आधी जूनमध्ये होणाऱ्या दोन स्पर्धा दौऱ्यात गुंफल्या होत्या. एक रेडिंग अमॅच्युअर रिगाटा, जी थेम्सवरच होते, आणि दुसरी मार्लो रिगाटा, जी आता डॉर्नी तलावावर भरते. डॉर्नी हा ईटन कॉलेजच्या मालकीचा कृत्रिम तलाव असून २०१२च्या लंडन ऑलिंपिकच्या नौकानयन शर्यती तेथेच झाल्या होत्या. तेथील पाणी पाहून आमची मुले हरखून गेली. सरळ, स्वच्छ, पूर्ण २००० मीटर, मार्गिका दर्शवणाऱ्या तरंगत्या गोळ्यांच्या रांगा थेट क्षितिजापर्यंत गेलेल्या, आणि काठाने प्रशिक्षकाला सायकलवरून बोटीच्या बरोबरीने जाता येईल असा रस्ता. तेथे आम्ही एका दिवसात जेवढे शिकलो तेवढे पुण्यात एका हंगामात शिकत नाही, आणि ते सांगताना मला आपल्या पाण्याविषयी वाईट वाटते. दापोडीच्या सैनिकी अभियांत्रिकी महाविद्यालयातील लष्कराचे रोइंग केंद्र सोडले तर पुण्यात शर्यतीच्या तोडीचे पाणी नाही, आणि ते अर्थातच लष्कराच्या खेळाडूंसाठी आहे.

याच केंद्रात घडलेल्या नौकापटू दत्तू भोकनळची आठवण हेन्लीत पुन्हा पुन्हा होत होती, आणि तिला एक ठोस कारण आहे. हेन्लीच्या जुन्या नियमांप्रमाणे अंगमेहनतीची कामे करून पोट भरणारा माणूस हौशी खेळाडू मानला जात नसे, म्हणून त्याला येथे वल्हवता येत नसे. १९२०मध्ये अमेरिकेच्या जॉन केली यांची डायमंड स्कल्ससाठीची, म्हणजे एकट्याने दोन वल्ह्यांनी वल्हवण्याच्या शर्यतीसाठीची, प्रवेशिका नाकारली गेली. त्यांच्या व्हेस्पर क्लबशी रिगाटाचा जुना वाद होता, आणि शिवाय केली यांनी गवंडीकाम केलेले होते. त्याच वर्षी अँटवर्प ऑलिंपिकमध्ये एकेरी स्कल्सचे सुवर्णपदक त्यांनीच जिंकले, तेही हेन्लीच्या ताज्या विजेत्याला, जॅक बेरेसफर्ड यांना, मागे टाकून. तो नियम १९३७मध्ये गेला, आणि पुढे केली यांच्या मुलाने १९४७ व १९४९ अशी दोन वेळा डायमंड स्कल्स जिंकली. चांदवड तालुक्यातील तळेगाव रोहीचा दत्तू विहिरी खोदण्याच्या कामावर जात असे. लष्करात भरती झाल्यावर त्याने वल्हे हाती घेतले, २०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरी स्कल्समध्ये १३वा क्रमांक मिळवला आणि २०१८च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत चौघांच्या स्कल्समध्ये भारताला सुवर्णपदक मिळवून देणाऱ्या संघात तो होता. त्या जुन्या नियमाने त्याला थेम्सच्या काठावरच थांबवले असते. आजच्या रिगाटात मात्र आमच्या मुलांना, ज्यांतील दोघांचे वडील रोजंदारीवर काम करतात, कोणत्याही तंबूत, कोणत्याही रांगेत वेगळे वागवले गेले नाही. संस्था किती बदलली आहे हे सांगायला यापेक्षा दुसरा पुरावा मला नको.

संघ बाहेर पडल्यावर उरलेले दिवस कसे घालवावेत, हा प्रश्न उरतो. रिगाटा मंगळवार ते रविवार चालते. स्ट्युअर्ड्स एन्क्लोजर या प्रेक्षकांच्या राखीव आवारात केवळ सभासद आणि त्यांचे पाहुणे यांना प्रवेश असतो, तेथे पुरुषांना कोट आणि टाय सक्तीचा आहे, स्त्रियांचा झगा गुडघ्याखाली असावा लागतो. २०२१पासून त्यांना विजारीचीही मुभा आहे. रिगाटा एन्क्लोजरचे तिकीट कोणालाही काढता येते. पण नौकापटूंना माझा सल्ला असा, की दोन्ही सोडून रेमेनहॅमच्या बाजूच्या पायवाटेने शर्यत जेथून सुटते तिकडे चालत जावे. ती वाट सर्वांना मोकळी आहे, पैसे पडत नाहीत, आणि मार्गाच्या पूर्वार्धात आघाडीचे संघ सुरुवातीच्या झपाट्यातून बाहेर पडून आपली लय कशी पकडतात ते अगदी जवळून दिसते. शेवटच्या टप्प्यात जल्लोष असतो, पण शिकण्यासारखे जे आहे ते बेटाजवळच्या पहिल्या पाचशे मीटरमध्ये. आमचा कॉक्स वही घेऊन तेथेच बसून होता, आणि दर मिनिटाला पडणाऱ्या वल्ह्यांची संख्या कोणत्या टप्प्यावर किती खाली येते याची त्याने केलेली नोंद हाच आमच्या दौऱ्यातील सर्वांत मोलाचा ऐवज आहे, असे मी मानतो.

जाणाऱ्यांसाठी कागदपत्रांच्या दोन गोष्टी. प्रवेशिकेची मुदत जूनमध्येच संपते, त्यामुळे भारतीय रोइंग महासंघाशी पत्रव्यवहार हिवाळ्यातच सुरू करावा. खेळाडूंना ब्रिटनचा सर्वसाधारण अभ्यागत व्हिसा चालतो, परंतु अर्जासोबत क्लबचे पत्र, स्पर्धेची माहिती आणि प्रत्येकाच्या परतीची हमी देणारे दस्तऐवज जोडलेले असावेत. नोकरी नसलेल्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत महाविद्यालयाचे पत्र विशेष उपयोगी पडते.

मुलींच्या संघांनी या रिगाटाचा अवश्य विचार करावा. पूर्वी येथे स्त्रियांसाठी फार थोड्या शर्यती होत्या, पण २०२१मध्ये क्लबांच्या, विद्यार्थिनींच्या आणि कुमारी गटाच्या आठ जणींच्या शर्यती सुरू झाल्या. त्याखेरीज जूनमध्ये स्त्रियांची स्वतंत्र हेन्ली विमेन्स रिगाटाही भरते, आणि दौरा नीट आखला तर दोन्ही साधता येतात. आमच्या क्लबच्या मुलींचे आठ जणींचे पथक सध्या तयार होत आहे. त्यांच्यासाठी बोट ठरवताना भाड्याने देणाऱ्याकडून बोटीचा अनुक्रमांक, ती कोणत्या वजनासाठी घडवली आहे, बुटांचे क्रमांक, रिगरची, म्हणजे रोलॉक धरणाऱ्या बोटीबाहेरच्या चौकटीची, रुंदी व उंची यांची मापे आणि बोट पाण्यात उतरवून पाहण्याची तारीख या गोष्टी छायाचित्रांसह लेखी घेतल्याशिवाय अनामत रक्कम पाठवायची नाही, असे कार्यकारिणीने ठरवले आहे. आणि जो व्यावसायिक ही माहिती मागण्याआधीच आमच्या मुलींची वजने विचारेल, त्याचे भाडे इतरांपेक्षा जास्त असले तरी बोट त्याच्याकडूनच घ्यावी, अशी माझी त्यांना सूचना राहील.